बत्त्याचा गोळा अंडं का होतोय? मायक्रोमीटर तर सगळं बरोबर सांगतो

गिरणाकाठ | ९ मे, रात्री १०.२०

राम राम मंडळी.

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं शेड आहे. एक सीएनसी लेथ (फॅनक कंट्रोल, टूल धरणारा टरेट मागच्या बाजूला), एक ऑल गिअर लेथ आणि एक ड्रिल. आजवर बुश, फ्लँज, पंपाचे शाफ्ट असली सरळ कामं केली. आता एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने खलबत्त्याचे २०० बत्ते दिलेत, एसएस ३०४ मध्ये. खल तो दुसरीकडून करून घेतोय, बत्ता आपला.

ड्रॉइंग असं: पुढे ३२ व्यासाचा गोळा, मग खाली उतरत १६ व्यासाची कंबर, तिथून सरळ १६ चा दांडा. एकूण लांबी १२०. गोळ्याचा रेडियस १६, कंबरेकडे उतरणाऱ्या खोलगट वळणाचा २४. बार ३६ चा घेतलाय.

अडचण ही, की गोळा गोल येत नाहीये. डोळ्यालाच लिंबासारखा दिसतो. मायक्रोमीटर लावला तर गोळ्याचा व्यास ३२.०१, कंबर १६.०२. म्हणजे माप बरोबर! पण पत्र्यातून लेझरवर कापून आणलेला १६ रेडियसचा गेज लावला, तर पुढच्या बाजूला खांद्यावर गेज टेकतो आणि गोळ्याच्या पाठीला, कंबरेकडे उतरताना, चांगला उजेड दिसतो.

चार बत्ते भंगारात गेले. ३०४ चा भाव सगळ्यांना माहीत आहे. मदत करा.

भरीतभाकरी | ९ मे, रात्री १०.४१

खान्देशी माणूस आणि स्टीलचा बत्ता? आमच्याकडे अजून बडगीत मुसळीने भरीत कुटतात भो. तुमचा बत्ता अंड्याचा झाला काय नि लिंबाचा झाला काय, ठेचा सारखाच होईल. 😀

केळीबाग | ९ मे, रात्री १०.५५

भाऊ, आर्क सरळ रेषेत जोडलेत की टँजंट आहेत, म्हणजे न मोडता एकमेकांत मिळतात? बिंदू चुकला असेल. प्रोग्राम टाका.

गिरणाकाठ | ९ मे, रात्री ११.१२

टाकतो. मोबाईलला मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळे अक्षरं उच्चाराप्रमाणे वाचा. एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे अक्षावरची लांबी, शून्य गोळ्याच्या टोकाला. आधी जी७१ ने रफिंग (जादा मटेरियल काढणं) करायला गेलो तर ६४ नंबरचा अलार्म आला, म्हणून आकाराला समांतर फेऱ्या मारणाऱ्या जी७३ वर गेलो.

टी०३०३
जी५० एस२५००
जी९६ एस१५० एम०३
जी०० एक्स४० झेड५ एम०८
जी७३ यू१७ डब्ल्यू० आर१२
जी७३ पी१० क्यू२० यू०.५ डब्ल्यू० एफ०.२
एन१० जी०० एक्स० झेड२
जी०१ झेड० एफ०.१
जी०३ एक्स२५.६ झेड-२५.६ आर१६
जी०२ एक्स१६ झेड-४० आर२४
जी०१ झेड-१२०
एन२० एक्स४०
जी४२ जी०० एक्स४४ झेड५
जी७० पी१० क्यू२०
जी४० जी०० एक्स१५० झेड१५० एम०९

फेसिंग (बारचं तोंड सपाट करणं) याच्या आधी दुसऱ्या टूलने होतं. फिनिशिंगची टिप व्हीएनएमजी (३५ डिग्रीची), नोज रेडियस म्हणजे टोकाचा गोलवा ०.४.

केळीबाग | ९ मे, रात्री ११.३०

कागदावर करून बघितलं. गोळ्याचं केंद्र झेड-१६ वर, अक्षावर. खोलगट वळणाचं केंद्र झेड-४० वर, अक्षापासून ३२ उंच. दोन्ही केंद्रांत आडवं अंतर २४, उभं ३२, म्हणजे तिरकं ४०. आणि १६ + २४ पण ४०. दोन्ही कंस एकमेकांना बरोबर चिकटून जातात. चिकटण्याचा बिंदू एक्स२५.६ झेड-२५.६ हाही बरोबर. भूमिती सोन्यासारखी आहे, तिला दोष नाही.

चिपकन्व्हेअर | १० मे, सकाळी ७.०५

नोज रेडियस कॉम्पेन्सेशन, म्हणजे टिपच्या गोलव्याचा हिशोब, नसलं की असंच होतं. जी४२ टाका.

गिरणाकाठ | १० मे, सकाळी ७.२०

दादा, जी४२ आहे की! जी७० च्या वरच्या ओळीत बघा.

चिपकन्व्हेअर | १० मे, सकाळी ७.२३

अरे हो. चहा झाला नव्हता.

डीएनएमजीप्रेमी | १० मे, सकाळी ९.१५

व्ही टिप कशाला वापरता? नाजूक असते, ३०४ मध्ये टोक उडतं. डीएनएमजी लावा, ५५ डिग्रीची, मजबूत. आम्ही धुळ्यात अवधानला सगळी प्रोफाइल त्यावरच काढतो.

अवधानची ताई | १० मे, सकाळी ९.४०

मी पण अवधानलाच, इन्स्पेक्शनला आहे. सगळी प्रोफाइल डीएनएमजीवर निघत नाहीत हो. ९३ डिग्रीचा होल्डर आणि ५५ ची टिप: १८० मधून दोन्ही वजा केले की मागच्या धारेखाली ३२ डिग्री उरतात. गोळ्याच्या पाठीचा उतार सगळ्यात तीव्र कुठे आहे? दोन कंस जुळतात तिथे. २४ भागिले ३२, म्हणजे जवळपास ३७ डिग्री. टिपची मागची धार तिथे घासणारच. व्ही टिपला १८० वजा ९३ वजा ३५, म्हणजे ५२ डिग्री मिळतात. तिला हा उतार सहज जमतो. ८० डिग्रीच्या सीएनएमजीला तर ९५ च्या होल्डरमध्ये फक्त ५ डिग्री उरतात, तिला कंबरेत पाठवायचंच नाही.

धागाकर्त्याची टिप बरोबर आहे. दोष दुसरीकडे आहे.

डीएनएमजीप्रेमी | १० मे, सकाळी ९.५२

ताई, मान्य. आमचे जॉब ३० डिग्रीच्या आतले असतात म्हणून चालून जातं.

तापीतीर | १० मे, सकाळी ११.१०

विषयाबाहेरचं थोडं. मी तंत्रनिकेतनात शिकवतो. पोरं म्हणतात सीएनसी म्हणजे बुश आणि फ्लँज. पण या यंत्राचा जन्मच वाकड्या आकारासाठी झाला. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत होता. पात्याच्या वळणाचे शेकडो बिंदू हिशोबाने काढायचे आणि यंत्राला एकेका बिंदूवर न्यायचं, अशी त्याची कल्पना. पुढे एमआयटीने ती हातात घेतली आणि १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं तीन अक्षांचं मिलिंग मशीन करून दाखवलं. तेव्हा बत्त्याचा गोळा हे सीएनसीचं कुळाचारातलं काम समजा.

भरीतभाकरी | १० मे, सकाळी ११.१८

सर, म्हणजे कानबाईसारखं दरवर्षी करायला पाहिजे. 🙏

लेथवाले अप्पा | १० मे, दुपारी १.३५

जेवून बसलो, तेव्हा धागा दिसला.

पोरा, दोन प्रश्न. एक, कंट्रोलमध्ये टूलची मापं भरतो त्या ऑफसेटच्या पानावर तीन नंबरच्या ओळीत एक्स आणि झेडच्या पुढे आर आणि टी असे दोन रकाने आहेत. त्यात काय लिहिलंय? दोन, हा जी४२ तू विचार करून टाकलास की कुठून उतरवलास?

गिरणाकाठ | १० मे, दुपारी १.५०

अप्पा, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. उतरवलाय. ज्या क्लासला मी शिकलो तिथे फिनिशिंगच्या आधी जी४२ आणि नंतर जी४० लिहायचं, एवढंच फळ्यावर होतं. सहा महिन्यांत ऑफसेटच्या पानावर आर आणि टी कशासाठी आहेत हे कुणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

पान बघून आलो. आर ०.०००, टी ०.

लेथवाले अप्पा | १० मे, दुपारी २.२५

मग सापडला चोर.

जी४२ म्हणजे कंट्रोलला सांगणं, की टिपचा गोलवा धरून चाल. किती गोलवा? ते तो आर च्या रकान्यात बघतो. तिथे शून्य. म्हणजे तू त्याला सांगितलंस, टिपचं टोक सुईसारखं आहे. तो सुईसारखाच चालला. जी४२ आहे पण नसल्यासारखा. अलार्म येणार नाही, कारण त्याच्या हिशोबाने काही चुकलेलंच नाही.

आता अंडं का झालं ते बघ. आपण टूलचं माप घेतो तेव्हा एक्सचा स्पर्श वेगळा, झेडचा वेगळा. दोन्ही मिळून जो कोपरा होतो तो हवेत असतो, टिपवर तिथे धातूच नसतो. प्रोग्राम त्या हवेतल्या कोपऱ्याला चालवतो. सरळ व्यासावर आणि सरळ फेसवर काही बिघडत नाही, कारण तिथे कापणारा बिंदू कोपऱ्याच्या रेषेतच असतो. तिरक्यावर आणि गोलावर मात्र बिघडतं.

पुढच्या खांद्यावर, ४५ डिग्रीला, मटेरियल उरतं. किती? नोज रेडियसच्या ०.४१४ पट. तुझा ०.४, म्हणजे ०.१७ मिमी जास्त. गेज तिथे टेकला ना? आणि पाठीच्या उतारावर उलटं होतं, तिथे कोपरा पुढे आणि कापणारी धार मागे, त्यामुळे जास्त कापलं जातं. दोन कंस जुळतात तिथे नोज रेडियसच्या ०.८ पट, म्हणजे ०.३२ मिमी खड्डा. तोच तुझा उजेड. पुढे फुगलेलं, मागे खाल्लेलं. अंडं.

आणि मायक्रोमीटर खोटं बोलला नाही. गोळ्याच्या सगळ्यात मोठ्या व्यासावर आणि कंबरेच्या सगळ्यात लहान व्यासावर पृष्ठभाग अक्षाला समांतर आहे. तिथे चूक शून्यच. तू नेमकं त्याच दोन ठिकाणी मोजलंस.

आर मध्ये ०.४ भर. टी मध्ये ३ भर. टी म्हणजे हवेतला कोपरा टिपच्या कुठल्या बाजूला आहे त्याची दिशा. मागचा टरेट, बाहेरचं टर्निंग, चकाकडे जाणारं टूल, म्हणून ३. टी शून्य ठेवून नुसता आर भरलास तर अजून गोंधळ होईल, सगळी मापं सरकतील.

अवधानची ताई | १० मे, दुपारी २.४०

अप्पा, "तू नेमकं त्याच दोन ठिकाणी मोजलंस" हे मी आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलासमोर लिहून लावणार आहे.

तापीतीर | १० मे, दुपारी ३.००

अप्पांना विचारायचं होतं. सीएनसी यायच्या आधी असा गोळा कसा काढायचे?

लेथवाले अप्पा | १० मे, दुपारी ३.४५

सर, तीन रस्ते होते. पाच-दहा नग असले तर दोन्ही हातांनी दोन्ही हँडल फिरवून, मग कानशीने. माझे उस्ताद गोळा असा काढायचे की गेज लावायला लाज वाटायची. नग लहान आणि जास्त असला तर फॉर्म टूल घासून. आणि मोठ्या कामाला कॉपी लेथ. पत्र्याचा मास्टर मागे लावायचा, त्यावरून स्टायलस सरकायचा, तेलाच्या दाबावर टूल तसंच चालायचं.

तिथेही हीच गोष्ट. स्टायलसच्या टोकाचा रेडियस आणि टिपच्या टोकाचा रेडियस सारखा पाहिजे. टिप घासून रेडियस बदलला आणि स्टायलस तोच राहिला, की मास्टर बरोबर असूनही जॉब वाकडा. आम्ही टिप घासली की स्टायलस तपासायचो. आता ते काम आर च्या रकान्यात भरायचं, एवढाच फरक.

पाऊण किलो | १० मे, संध्याकाळी ६.१०

माझा प्रश्न वेगळा आहे. ३६ चा बार, १२५ लांब तुकडा धरला तर वजन किलोभर. तयार बत्ता तीनशे ग्रॅमच्या आत. म्हणजे जवळपास पाऊण किलो ३०४ चिप्समध्ये! गोळा वेगळा करा, १६ च्या बारचा दांडा आट्यांनी बसवा. अर्धा वेळ, अर्धं मटेरियल.

गिरणाकाठ | १० मे, संध्याकाळी ६.३५

व्यापाऱ्याला हेच सांगून पाहिलं. तो म्हणाला, जोडात मसाला बसतो, दोन महिन्यांनी वास येतो, गिऱ्हाईक परत येतं. एकसंधच पाहिजे. चिप्सचे पैसे त्याने दरात धरलेत.

अप्पा, आर आणि टी भरले. उद्या सकाळी एक काढतो. आत्ता शेडमध्ये पत्रा तापलाय, ४४ डिग्री आहे बाहेर. दुपारी काढलेलं माप आणि सकाळी काढलेलं माप जुळत नाही या दिवसांत.

चिपकन्व्हेअर | १० मे, संध्याकाळी ६.५०

मे महिन्यात जळगावात मशीन नाही, माणूसच वितळतो. स्पिंडल अर्धा तास रिकामा फिरवून मगच पहिला नग काढा.

गिरणाकाठ | ११ मे, सकाळी ९.०५

मंडळी! गोळा गोल आला. गेजला कुठेच उजेड नाही. पाठीला नाही, खांद्याला नाही. अप्पा, पाया पडतो.

पण एक गेलं आणि दुसरं दिसलं. गोळ्याच्या बरोबर टोकावर, मधोमध, खसखशीच्या दाण्याएवढं टोक राहतंय. टोचतं हाताला. आधीच्या चार नगांना होतं का, ते गेजच्या नादात बघितलंच नाही. टूलची सेंटर हाइट (टोक अक्षाच्या उंचीवर आहे का) तपासली, बरोबर आहे.

भरीतभाकरी | ११ मे, सकाळी ९.१२

आते गोळाले बोंड उनं! कापसाचा जिल्हा आहे, बोंड येणारच.

डीएनएमजीप्रेमी | ११ मे, सकाळी ९.२०

सेंटर हाइटच असणार. टिप सेंटरच्या खाली असली की असं बोंड राहतं.

केळीबाग | ११ मे, सकाळी ९.५५

सेंटर हाइट तर तपासून बरोबर निघालीय. प्रोग्रामची सुरुवात बघा.

प्रोग्राम एक्स० वर झेड२ वरून झेड० ला सरळ येतो आणि मग गोळ्याचा कंस सुरू होतो, तो टोकाला अक्षाला काटकोनात निघतो. जी४२ मध्ये टूल रेषेच्या उजवीकडे, म्हणजे एक्सच्या वरच्या बाजूला राहणार. टिपचा गोलवा अक्षाची रेषा ओलांडू शकत नाही, कारण एक्स० ही त्याला भिंत वाटते. मग टिपचं केंद्र अक्षापासून ०.४ वर थांबतं आणि तिथूनच वळतं. आतला कोपरा तसाच राहतो, बुडाशी ०.८ व्यास, वर टोक. आर शून्य होता तेव्हाही हवेतला कोपराच अक्षावर पोचत होता, टिपचं केंद्र ०.४ वरच, त्यामुळे आधीच्या चारांनाही बोंड असणार.

अप्पा, चूक असेल तर सांगा.

लेथवाले अप्पा | ११ मे, सकाळी १०.३०

एक अक्षर चूक नाही. केळीबाग, तू कुठे कामाला आहेस? आमच्याकडे ये.

उपाय सोपा. भिंत अक्षाच्या पलीकडे ढकल.

एन१० जी०० एक्स-२ झेड२
जी०१ झेड० एफ०.१
एक्स०
जी०३ एक्स२५.६ झेड-२५.६ आर१६

पुढे तेच. एक्स-२ म्हणजे अक्षाच्या खाली १ मिमी. टिप तिथे आली की गोलवा धरूनही अक्ष ओलांडलेला असतो, आणि झेड० वर सरळ वर येत कंसाला अलगद मिळतो. फक्त फेसिंग झेड० ला पक्कं झालेलं असू दे, नाहीतर एक्स-२ वर टिप उलट्या बाजूने घासेल आणि व्हीचं टोक जाईल.

गिरणाकाठ | ११ मे, दुपारी १२.१५

बोंड गेलं. हात फिरवला, लोण्यासारखं.

आता शेवटची तक्रार, मग त्रास देत नाही. फिनिशिंगला गोळ्यावर लाटा येतात. किर्रर्र आवाज येतो, शेजारच्या शेडमधून माणूस बघायला आला. वेग कमी केला तर थोडा कमी होतो, जात नाही. आणि जी७३ मध्ये अर्धा वेळ टूल हवा कापत फिरतं, एका नगाला अकरा मिनिटं.

चिपकन्व्हेअर | ११ मे, दुपारी १२.४०

टेलस्टॉक लावा, पुढून सेंटरचा आधार मिळेल.

गिरणाकाठ | ११ मे, दुपारी १२.४४

गोळ्यावर सेंटरचं भोक राहील ना दादा. त्यात मसाला बसेल. व्यापारी मारेल.

लेथवाले अप्पा | ११ मे, दुपारी ४.१०

कामाचा क्रम चुकलाय.

तुझा प्रोग्राम आधी पूर्ण लांबीचं रफिंग करतो. म्हणजे फिनिशिंगच्या वेळी १६ चा बारीक दांडा, ८० लांब, आणि त्याच्या टोकावर ३२ चा गोळा. काठीच्या टोकाला नारळ बांधून त्यावर पटाशी चालवल्यासारखं. हलणारच.

गोळा आणि कंबर आधी पूर्ण कर, फिनिशसकट. दांड्याच्या जागी ३६ चा बार तसाच जाड राहू दे. गोळ्याच्या मागे फक्त झेड-४५ पर्यंत १६ ची कंबर, पुढे जाड बार. मग त्याच व्ही टूलने कंबरेत, झेड-४३ वर उतर आणि तिथून चकाकडे दांडा काढ. दांड्याला साधा जी७१ चालेल, आकार सरळच आहे. कापताना टूलच्या पुढे नेहमी जाड बार असतो, म्हणून तो हलत नाही. शेवटच्या फिनिशिंगला थोडं हलेल, तिथे कट हलका आणि वेग कमी ठेव.

रफिंगचं सांगतो. ६४ चा अलार्म का आला? साध्या जी७१ ला व्यास चकाकडे वाढतच जायला पाहिजे. तुझा ३२ पर्यंत वाढतो आणि मग १६ पर्यंत घटतो. म्हणून गोळ्याच्या पुढच्या अर्ध्या भागाचं रफिंग सीएनएमजीने, साध्या जी७१ ने, ३२ च्या वर थोडा साठा ठेवून काढ. तिथे दणकट टिप लागते, कापायची खोलीही तिथेच जास्त आहे. कंबरेचा खड्डा तेवढा व्हीने. तुझ्या कंट्रोलला जी७१ चा दुसरा प्रकार असेल तर एन१० च्या ओळीत एक्स आणि झेड दोन्ही लिही, मग तो खड्डाही कापतो. पण त्यात डब्ल्यू (झेडच्या दिशेचा साठा) शून्य ठेव, नाहीतर खड्ड्याच्या भिंतीत टिप घुसते.

अवधानची ताई | ११ मे, संध्याकाळी ५.००

अप्पांच्या उत्तरात एक भर. जी९६ एस१५० (कापण्याचा वेग कायम मिनिटाला १५० मीटर) असताना ३६ च्या व्यासावर स्पिंडल साधारण १३२५ आरपीएम फिरतो. १६ च्या कंबरेवर तो २९८० मागतो, जी५० च्या मर्यादेमुळे २५०० ला अडतो. म्हणजे नग सगळ्यात बारीक असतो तिथेच मशीन सगळ्यात जोरात फिरतं. दांड्याच्या फिनिशिंगला जी५० ची मर्यादा खाली आणा, १५०० वगैरे. आवाजात फरक लगेच कळेल.

आणि फीड ०.१ ला नोज रेडियस ०.४ असेल तर कागदावरच तीन मायक्रॉनच्या थोड्या वर खोल खाचा येतात: फीडचा वर्ग भागिले आठ पट रेडियस. आरशासारखा चमकणारा बत्ता हवा असेल तर फीड ०.०६ करा, नाहीतर पुढे पॉलिश आलंच.

गिरणाकाठ | १३ मे, रात्री ८.३०

दोन दिवस शेडमध्येच होतो म्हणून उशीर.

क्रम बदलला. गोळ्यावर आता लाट नाही. दांड्यावर झेड-४५ च्या आसपास जोडाची एक बारीक रेघ दिसत होती, ती दांड्याची सुरुवात ०.०२ ने खाली घेऊन मिटवली, नखाला लागत नाही. सायकल अकरा मिनिटांवरून सहावर आली. पॉलिशला बाहेर देतोय. आमच्या पोराने फिरत्या गोळ्याला बोटाला गुंडाळून एमरी लावायला घेतली होती, त्याला आधी ओरडलो, मग चहा पाजला.

आज ३४ नग झाले. चौतिसावा बायकोला दिला. तिने गेज न लावता पास केला.

भरीतभाकरी | १३ मे, रात्री ८.४१

मग ठेचा कधी?

लेथवाले अप्पा | १३ मे, रात्री ९.१५

बोटाला एमरी गुंडाळणारा पोरगा माझ्या समोर एकदा बोट घालवून बसलाय. चहा नंतर, ओरडणं आधी, बरोबर केलंस.

गिरणाकाठ | १६ मे, सकाळी ८.१०

मंडळी, पुन्हा अंडं!

काल रात्रपाळीला दुसरा मुलगा होता. ९० व्या नगापासून १०४ पर्यंत पंधराच्या पंधरा लिंबं. प्रोग्राम तोच, कुणी हात लावलेला नाही. आर ०.४ आहे, टी ३ आहे, मी स्वतः बघितलं. मायक्रोमीटरला परत सगळं बरोबर. आणि गंमत म्हणजे गेजचा उजेड पहिल्या दिवशी होता तेवढाच वाटतोय.

अवधानची ताई | १६ मे, सकाळी ८.२२

टिप बदलली का रात्री?

गिरणाकाठ | १६ मे, सकाळी ८.३५

हो ताई, त्याने सांगितलं. टोक गेलं होतं म्हणून नवीन लावली. झेड आणि एक्स परत स्पर्श करून घेतले, ऑफसेट भरले. सगळं रीतसर केलं त्याने.

केळीबाग | १६ मे, सकाळी ८.४८

डबी बघा. व्हीएनएमजी १६०४०४ की १६०४०८?

गिरणाकाठ | १६ मे, सकाळी ९.०२

०८.

केळीबाग | १६ मे, सकाळी ९.१५

म्हणून उजेड तेवढाच. पहिल्या दिवशी टिप ०.४ आणि रकान्यात शून्य. काल टिप ०.८ आणि रकान्यात ०.४. दोन्ही वेळेला फरक ०.४ चाच. खांद्यावर ०.१७ जास्त, पाठीला ०.३२ कमी, तेच अंडं.

लेथवाले अप्पा | १६ मे, सकाळी ९.४०

टिप बदलली, स्टायलस तोच राहिला.

आर मध्ये ०.८ भरून आजचं काम चालू कर, नाहीतर ०४ ची टिप आण. ०.८ ठेवलास तर बारीक दांड्याला लाट पुन्हा येऊ शकते, मोठा रेडियस नगाला जास्त ढकलतो. मी असतो तर ०४ आणली असती. आणि दोन्ही डब्या एकाच कप्प्यात ठेवू नकोस.

गिरणाकाठ | १६ मे, सकाळी ९.५५

०४ ची टिप मागवली, दुपारपर्यंत येईल. ०८ ची डबी वरच्या फळीवर टाकली, रात्रपाळीच्या पोराचा हात पोचत नाही तिथे.

ती पंधरा लिंबं ठेवलीत. बोंड नाही, मापात आहेत, फक्त गोल नाहीत. भरीतभाकरी, पत्ता पाठवा, एक तुम्हाला.

भरीतभाकरी | १६ मे, सकाळी ९.५८

पाठवा भाऊ. आपले काय, मना ठेचा तसाच व्हयी.